मोठ्या काचेकडून

काकतीतल्या त्या घरात दुर्बीण येण्याआधी महिनाभर तिची चर्चा येऊन राहिली होती. ताटावर बसलं की नातू म्हणणार, "आबा, तीन ते नऊ पट. चाळीसची काच." आबा भाकरी मोडत म्हणणार, "हं." आजीला वाटायचं, पोराच्या मनात कुणी मुलगी भरलीय आणि तो आडून आडून तिचं वर्णन करतोय. 'चाळीसची' ऐकल्यावर मात्र ती दचकली.

नातू वीस वर्षांचा. आयटीआय करून औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर शिकाऊ म्हणून लागलेला. बेळगावचा हा पट्टा ओतकामाचा आणि यंत्रभागांचा. इथल्या पोरांना मिसरूड फुटायच्या आत मायक्रॉन कळतो. स्टायपेंडमधून त्यानं आधी छर्ऱ्याची बंदूक घेतली होती, नळी मोडून भरायची, साडेचार मिलिमीटरची. वीस ज्यूलपर्यंतच्या जोराच्या अशा बंदुकीला 2016 च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, हे त्यानं आजीलासुद्धा पटवून दिलं होतं. आजीला ज्यूल कळला नाही, पण 'परवाना लागत नाही' एवढं कळलं. तेवढ्यावर तिनं देव्हाऱ्यासमोर बंदुकीला हळदकुंकू लावलं.

हे नेमबाजीचं खूळ डोक्यात कधी शिरलं त्याची तारीखच सांगता येते: 1 ऑगस्ट 2024. त्या दिवशी पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुण करून ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. काकतीवरून जाणाऱ्या महामार्गानं वर गेलं की कोल्हापूर, म्हणजे हिशेबानं आपल्याच अंगणातला. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, तेव्हा नातू सहा वर्षांचा होता, गोट्या खेळत होता. कुसाळेच्या वेळी हातात मोबाइल होता.

"कुसाळेच्या रायफलीवर दुर्बीण बघितलीस काय?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

स्पर्धेच्या रायफलीला मागं बारीक भोक आणि पुढं कडं असतं. लांबचं मोठं करून दाखवणारी काच तिथं चालतच नाही. नातवाला हे पाठ होतं. पण एखादी वस्तू हवी वाटायला लागली की पाठ असलेल्या गोष्टींचा काही उपयोग होत नाही. ती का हवी, हे सांगायला माणसाकडं शंभर कारणं असतात, आणि शंभर असतात म्हणजे खरं एकही नसतं, असं माझं मत आहे.

आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतले निवृत्त सुभेदार. 1922 पासून रेजिमेंटचं सेंटर बेळगावात आहे. आबांच्या पिढीतली किती तरी पोरं तिथल्या मैदानावर ओबडधोबड गेली आणि सरळ होऊन बाहेर पडली. एसएलआर रायफलीच्या मागच्या भोकातून नळीवरची पुढची माशी बघत त्यांची उमेदीची वर्षं गेली. दुर्बिणीला त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त एक अट घातली. "मी घरात असल्याशिवाय बंदुकीवर चढवायची नाही."

"हो."

"हो नको. 'जी साब' म्हण."

पोरगा हसत हसत 'जी साब' म्हणाला.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज रात्री व्हिडिओ. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का आधी मागं आणि लगेच पुढं, असा दोन्हीकडून बसतो. त्यामुळं मोठ्या रायफलीला पुरून उरणारी दुर्बीणसुद्धा या एवढ्याशा बंदुकीवर खिळखिळी होते, हे त्याला कळलं. म्हणून त्यानं मुद्दाम तो धक्का सोसणारी, दहा मीटरवरचंही स्वच्छ दाखवणारी मागवली. पार्सल निघालं. पार्सल पुण्यात आलं. पार्सल बेळगावात आलं आणि तिथं जे बसलं ते उठेना. काकती आणि बेळगाव यांच्यात अंतर ते किती, सायकलवरून पोरं कॉलेजला जातात! नातू जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडून 'बेळगावात पोहोचले' एवढंच वाचायचा आणि पुन्हा लेथवर उभा राहायचा. त्या आठवड्यात त्याच्या हातून एक जॉब अंडरसाइझ गेला. सुपरवायझरनं विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?"

शनिवारी दुपारी फोन आला. "सर्व्हिस रोडवर या, आत यायला जमणार नाही." नातू चप्पल न घालता पळाला.

आबा त्या वेळी बेळगावला कँटीनला गेले होते.

खोका फोडायला त्यानं किती वेळ लावला ते आजीनं सगळ्या आळीत सांगितलं. सेलोटेप नखानं सोडवली, सुरी लावली नाही. आत काळ्या स्पंजात ती निजलेली होती, दोन्ही टोकांना टोप्या घालून. शेजारी कडी, स्क्रू, एक लहान एलन की, काच पुसायचं फडकं आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. पुडी आजीनं मिठाची समजून उचलली, ती हिसकावून घ्यावी लागली. दुर्बिणीची पुढची काच मोठी, तिच्यावर जांभळट-हिरवी झाक. हलवली की रंग बदलायचा, मोराच्या गळ्यासारखा. ती डोळ्याला लावल्यावर आधी नुसता अंधार. मग चंद्रकोरीएवढा उजेड. डोळा चार बोटं मागं घेतल्यावर एकदम सगळं वर्तुळ उघडलं आणि काकतीच्या डोंगराचा उतार, त्याच्यावरचं एकेक काटेरी झुडूप, समोर येऊन उभं राहिलं.

"आई गं," पोरगा म्हणाला.

"मला बघू दे की." आजीनं दुर्बीण घेतली आणि मोठी काच डोळ्याला लावली. "अगं बाई! माझी तुळस कुठं गेली एवढी लांब? ह्यात काय बघायचं?"

"आजी, उलटी धरलीस."

"उलटी कशी? दोन्हीकडं काचच आहे."

तिनं ती परत दिली आणि भांडी घासायला गेली.

खरं म्हणजे इथं थांबायला हवं होतं. आबा पाचच्या बसनं येणार होते. पण चढवायचं तेवढं चढवून ठेवू, नेम आबा आल्यावर धरू, अशी त्यानं मनाशी तडजोड केली. हातातलं कसब तर होतंच. बंदुकीच्या पाठीवरच्या खाचेत कडी बसवली, खिडकीत ओळंबा सोडून त्याच्या दोऱ्याशी आतली फुली जुळवली, आणि चकचे बोल्ट आवळतात तसे समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं आवळले. काम सुरेख झालं. असं सुरेख झालेलं काम खोलीत ठेवून द्यायला फार मोठं मन लागतं. तो बंदूक घेऊन गच्चीवर गेला. नळी मोडून बघितली, रिकामी होती. आवळून बंद केली आणि खांद्याला लावली.

महामार्गावरच्या ट्रकांच्या नंबरप्लेट वाचता आल्या. विजेच्या तारेवरचा वेडा राघू चोचीतली माशी आपटताना दिसला. त्याच्या अंगावर फुली क्षणभर थांबली, तेव्हा आबांची नेहमीची ताकीद आठवली, पाखरावर रोखायची नाही, म्हणून फुली खाली घेतली. खाली शेजारच्या अज्जाचं शेत होतं.

अज्जा कन्नड घरातले, सत्तरीच्या पुढचे. नातवाच्या शेताला आणि त्यांच्या शेताला बांध एक. या बांधावरून दोन पावसाळ्यांपूर्वी कुरबुर झाली होती, वीतभर जमिनीची, आणि ती मिटल्यासारखी होऊन राहिली होती. अज्जा रताळी काढत होते. गच्चीपासून ते दीडशे मीटरवर असतील. नऊ पटीत आले सतराएक मीटरवर. नातवाला त्यांच्या पटक्याची सैल झालेली शेवटची गुंडाळी दिसली. अंगठ्याच्या नखातली माती दिसली. एरवी ज्या माणसाकडं आपण येताजाता 'काय अज्जा' म्हणून पुढं जातो, त्याला इतक्या बारकाईनं त्यानं कधी बघितलं नव्हतं, आणि बघताना त्याला खरोखर माया वाटत होती. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. पोरगा वाईट नव्हता.

अज्जांनी मान वर केली. कपाळावर हात धरला. थेट काचेत बघितलं. मग डावीकडं दोन पावलं सरकले. नातवानंही फुली सरकवली. अज्जांनी रताळ्यांची पाटी उचलली आणि छातीशी धरली. 'दाखवतोय मला,' नातवाला वाटलं. 'अज्जाला वाटतंय मी फोटो काढतोय.' तो हसला, डावा हात सोडून हलवलासुद्धा. अज्जा पाटी तशीच छातीशी धरून मागं मागं चालत विहिरीच्या कठड्याआड गेले.

संध्याकाळी आबा चहा घेत होते, तेव्हा अज्जा दारात आले.

"बर्री, कूड्री," आबांनी पाट सरकवला.

अज्जा बसले नाहीत. सीमेवरच्या माणसाची असते तशी त्यांची मराठी, कानडी ताल धरून चालणारी. म्हणाले, "सुभेदाररी, एक विचारायचं होतं. बांधाचं अजून तुमच्या मनात आहे काय?"

"कुठला बांध?"

"असंल तर सांगा. वीतभर काय, हातभर घ्या. माझं आता वय झालंय."

आबांना काही कळेना. नातवाला मात्र पोटात काहीतरी हललं.

अज्जांनी सांगितलं ते शांतपणे, कुणाची तक्रार केल्यासारखं नाही. "दुपारी रताळी काढूलालो. तुमच्या गच्चीवर काहीतरी चकाकलं, जांभळं. गाडीची काच असंल म्हटलं. ऊन आडवून बघितलं तर गोल. काळं गोल आणि त्याच्या खाली नळी. माणूस दिसंना, त्याचं तोंड गोलाच्या मागं. मी बाजूला सरकलो. ते पण सरकलं. मग मी पाटी धरली पुढं." थोडं थांबून ते हसले. "पाटीनं काय होतंय म्हणा."

"अज्जा, बंदूक रिकामी होती!" नातू ओरडलाच. "मी तुम्हाला हातपण केला."

"रिकामी होती ते तुला ठाऊक, बाळा. मला कुठं?"

आजी आतून दारात येऊन उभी राहिली होती. कुणी काही बोलेना. त्या आठवड्यात कित्तूरच्या लढाईला दोनशे वर्षं होत होती. काकती हे राणी चन्नम्माचं माहेर. 23 ऑक्टोबर 1824 ला कित्तूरच्या दारात धारवाडचा कलेक्टर थॅकरे पडला आणि त्याला पाडणारी गोळी अमटूरच्या बाळप्पाची होती, हे इथल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. अज्जांनी तेच काढलं, बहुधा वातावरण हलकं व्हावं म्हणून. "बाळप्पानं नेम धरला तेव्हा समोर कंपनीची तोफ होती. माझ्याकडं रताळी होती."

हसलं कुणीच नाही.

अज्जा इथं आले, हे त्या पोराचं नशीब. एक नोव्हेंबर तोंडावर आला होता. सीमाभागात त्या दिवशी एकीकडं राज्योत्सव आणि दुसरीकडं काळा दिन. त्याच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही बाजूंचे आवाज थोडे चढलेले असतात. मराठी घराच्या गच्चीवरून कानडी म्हाताऱ्यावर बंदूक रोखली, एवढं एक वाक्य चौकातल्या पोरांच्या कानावर पडलं असतं, तर त्यात छर्रा होता की नव्हता हे विचारायला कुणी थांबलं नसतं. अज्जा चौकात गेले नाहीत. पण घरी बायकोलाही न सांगता दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी ते एकट्यानं बाळगलं, आणि वीतभर जमीन सोडून द्यायची तयारी करून मग आले.

आबा उठले. आवाज चढवला नाही, हात तर नाहीच. "बंदूक आण. नळी मोडून आण."

नातवानं आणली. आबांनी ती जमिनीवर आडवी, भिंतीकडं तोंड करून ठेवायला लावली. "काढ दुर्बीण."

एलन की घेऊन तो बसला. दुपारी ज्या हातांनी स्क्रू इतके नेटके आवळले होते, त्याच हातांना आता खाच सापडेना. किल्ली दोनदा घसरली. काढलेली दुर्बीण आबांनी अज्जांच्या हातात दिली, बारीक काच त्यांच्याकडं करून. "बघा. एवढंच आहे ते."

"रेंजवर," आबा नातवाला म्हणाले, "रायफलीचं तोंड निशाण्यामागच्या बटाकडं सोडून दुसरीकडं वळलं ना, तर उस्ताद आधी लाथ घालायचा, कारण मग विचारायचा. मला लाथ घालायचं वय राहिलं नाही." मग अज्जांकडं वळून, "चूक माझ्या घरची आहे. बांधाचं नाव परत काढू नका."

अज्जांचं लक्ष नव्हतं. दारातून ते आपल्या शेताकडं बघत होते, एक डोळा घट्ट मिटून. "अरे, अरे," ते म्हणाले, "ह्या कोपऱ्यातली रताळी डुकरांनी उकरलीत की रे सगळी! मला इथनं दिसूलालंय आणि तिथं असून दिसलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून नातवाला शिक्षा मिळाली. शिक्षा हा शब्द आबांनी वापरला नाही. आजवर तो परसात पोत्यावर कागद लावून मारायचा आणि पोत्याच्या मागं, झाडांपलीकडं, तोच बांध होता. आता दिशा बदलायची. डोंगराच्या अंगाला माणसाच्या उंचीचा मातीचा ढिगारा घालायचा, म्हणजे चुकलेला छर्राही मातीतच जाईल. कारखान्यातून आल्यावर तो रोज माती ओढायचा. फावडं अज्जांचं होतं. ते द्यायला आले तेव्हा काम बघत तिथंच दगडावर बसले, आणि माती कुठली चांगली, कुठली पावसात वाहून जाईल, यावर सल्ले देऊ लागले. पोरगा 'होय अज्जा' म्हणत राहिला. एका संध्याकाळी त्यानं फावडं खाली ठेवून एवढंच म्हटलं, "अज्जा, मला वाटलं तुम्ही रताळी दाखवूलालात."

अज्जांनी बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. "दाखवली असती की," ते म्हणाले. "हाक मारायची."

दिवाळीनंतर आबांनी दुर्बीण चढवायला परवानगी दिली. पंचवीस मीटरवर कागद, पोटावर झोपून, खाली वाळूची पिशवी. आणि दुर्बिणीचं खरं रूप नातवाला तेव्हा दिसलं. फुली कागदावर थांबेचना. काळ्या ठिपक्याभोवती ती भिरभिरत होती, छातीच्या ठोक्याबरोबर उडत होती.

"आबा, ही खराब निघाली. हलतेय. परत पाठवतो."

आबा गुडघ्यावर बसले. "तीन पटीवर आण." आणली. फुली बरीच निवांत झाली. "आता नऊवर ने." पुन्हा भिरभिर. "काच नवीन आहे. थरथर जुनीच आहे तुझी. माशीवर ती दिसत नव्हती."

मग क्लिकांचा हिशेब सुरू झाला, आणि त्यात मात्र पोरगा आबांच्या पुढं होता. कोनाच्या पाव मिनिटाची क्लिक म्हणजे शंभर मीटरवर सातएक मिलिमीटर, पंचवीसवर दोनही नाही. लेथच्या डायलची सवय असलेल्या बोटांना ते खेळणंच. छर्रे डावीकडं खाली बसत होते. तो मोजून वर आला, उजवीकडं आला, आणि दहाव्या कागदाला पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले. आबांनी कागद उन्हात धरून बघितला. "आता पाचशे छर्रे मार आणि मग सांग कशी आहे ते. पहिल्या दिवशी सगळ्याच चांगल्या असतात."

पाचशे व्हायला वेळ लागला. पण त्याआधीच नातवाच्या एक गोष्ट ध्यानात आली. माशीवर सराव असला की अज्जा संध्याकाळी दगडावर येऊन बसायचे. दुर्बीण चढवलेली असली की यायचे नाहीत. बांधावरून जाताना त्यांची चालही थोडी घाईची असायची, आणि मान वळायची नाही. बंदुकीचं तोंड आता डोंगराकडं होतं, अज्जांना ते माहीतही होतं.

नातवानं यावर आबांना काही विचारलं नाही. एका संध्याकाळी त्यानं कडी सैल केली, दुर्बीण काढली, फडक्यात गुंडाळली आणि बांधावर जाऊन हाक मारली. "अज्जा, छर्रे कुठं बसतात ते मला इथनं दिसत नाही. जरा बघून सांगाल काय?"

तेव्हापासून ती अज्जांच्या हातात असते. नातू माशी आणि खाचेवर मारतो, शेजारी दगडावर बसून अज्जा एक डोळा मिटून कानडीत गुण पुकारतात. "एळू." म्हणजे सात. नातू उठून कागद आणतो. भोक सहाच्या वर्तुळात असतं, रेषेला शिवलेलंसुद्धा नसतं.

"अज्जा, सहा आहे."

"एळू."

"हे बघा की, कागद."

"तुझ्या कागदाला काय कळतंय?" अज्जा म्हणतात. "नऊ पटीनं मी बघितलंय. पुढचा मार."